टीएसएच नॉर्मल झाला, तरी वजन का उतरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, उंची १५८ सेंमी, वजन ९४ किलो. दोन वर्षांत १४ किलो वाढले. तपासणीत टीएसएच ६.४ आला, फ्री टी४ (थायरॉइडचा मुख्य हार्मोन, रक्तात मोकळा असलेला) नॉर्मल होता. लगेच थायरॉक्सिनची, म्हणजे टी४ चीच, ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. आठ महिन्यांनी टीएसएच २.३ आहे, पण वजन जेमतेम एक किलो उतरलंय आणि थकवा तसाच आहे. डोस वाढवून घ्यावा का? सोबत टी३, म्हणजे थायरॉइडचाच दुसरा हार्मोन, घेतलं तर? वजनाचं इंजेक्शन सुचवलंय, पण त्याने थायरॉइडचा कॅन्सर होतो असं ऐकलंय. शिवाय ११ वर्षांच्या मुलाचंही वजन जास्त आहे आणि त्याचा टीएसएच ५.८ आलाय. त्यालाही गोळी लागेल का?

डोस वाढवू नका. टीएसएच २.३ वर आला, म्हणजे गोळीने तिचं काम केलं. वजन उतरवणं हे तिचं काम नव्हतंच. पण ‘थायरॉइड निघालं, आता वजनाचं कारण सापडलं’ असं एकदा मनात बसलं की माणूस महिनोन्‌महिने गोळीचा निकाल वजनकाट्यावर शोधत राहतो. लठ्ठपणासाठी येणाऱ्या बऱ्याच जणांच्या फाइलमध्ये मला हीच गोष्ट दिसते.

माझा अंदाज असा की तुमच्या बाबतीत क्रम उलटा असावा. टीएसएच वाढला म्हणून वजन वाढलं नाही, वजन वाढलं म्हणून टीएसएच वाढला. अंदाज म्हणतो, कारण खात्रीने सांगायला लागणारी एक तपासणी तुमच्या रिपोर्टमध्ये नाही. तिच्याकडे येतोच, पण आधी हे उलटं कसं होतं ते सांगतो, कारण बाकीची सगळी उत्तरं त्यातूनच निघतात.

टीएसएच हा थायरॉइडचा हार्मोन नव्हे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरीने थायरॉइडला दिलेला हुकूम आहे. थायरॉइड ग्रंथी खरोखर कमजोर झाली की रक्तातला टी४ घसरायला लागतो आणि पिट्यूटरी आवाज चढवते. टी४ किंचित घसरला तरी टीएसएच कितीतरी पटीने वर जातो, म्हणून सुरुवातीच्या आजारात टीएसएच जास्त आणि टी४ अजून नॉर्मल असं चित्र दिसतं. लठ्ठपणातही कागदावर हेच चित्र उमटतं, पण कारण वेगळं असतं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचा हार्मोन तयार करतात. १९९४ मध्ये तो सापडला आणि चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं कोठार ही समजूत मागे पडली. चरबी जितकी जास्त तितकं लेप्टिन जास्त. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या टीआरएच नावाचा हार्मोन बनवणाऱ्या पेशींना चेतवतं, टीआरएच पिट्यूटरीला, आणि टीएसएच थोडा वर सरकतो. इथे ग्रंथी हुकूम नीट ऐकत असते, तरीही आवाज चढलेलाच राहतो. म्हणूनच अशा माणसांत फ्री टी३ कमी नसतो, उलट बऱ्याचदा नॉर्मलच्या वरच्या टोकाला किंवा किंचित जास्तच असतो. हार्मोनची टंचाई असती तर असं दिसलं नसतं.

याचा सगळ्यात बोलका पुरावा वजन उतरल्यावर मिळतो. आहाराने असो वा बॅरिअॅट्रिक (वजन उतरवण्याच्या) शस्त्रक्रियेने, वजन भरपूर उतरलं की हा किंचित वाढलेला टीएसएच गोळीशिवाय आपोआप खाली येतो.

आता १४ किलोंचा हिशेब. खराखुरा, उघड हायपोथायरॉइडिझम (थायरॉइडचं काम मंदावणं) असला, म्हणजे टीएसएच बराच वर आणि फ्री टी४ कमी, तरी त्यामुळे वाढणारं वजन साधारण २ ते ५ किलो असतं. त्यातही चरबीचा वाटा लहान. बहुतेक भाग मीठ आणि पाणी. हार्मोन कमी पडला की त्वचेखाली हायल्युरॉनिक अॅसिडसारखे पाणी धरून ठेवणारे पदार्थ साचतात, चेहरा फुगीर दिसतो, पापण्या जड होतात. उपचार सुरू झाले की हे पाणी उतरतं आणि वजनही तेवढंच उतरतं. तुमचा टी४ तर पहिल्या दिवसापासून नॉर्मल होता. त्यामुळे १४ किलोंचं खापर थायरॉइडवर फोडता येत नाही. आठ महिन्यांत उतरलेला तो एक किलोही बहुधा गोळीचा नसावा.

मग खरा आजार आणि वजनाची सावली यात फरक कसा करायचा? राहिलेली तपासणी आहे अँटी-टीपीओ अँटिबॉडीची, म्हणजे थायरॉइडवरच उलटलेल्या प्रतिपिंडांची. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते तो हाशिमोटोचा आजार. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागांत कायमच्या हायपोथायरॉइडिझमचं हेच पहिलं कारण आहे. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या तर तुमचा ६.४ हा बहुधा सुरू झालेल्या आजाराचा, निगेटिव्ह आल्या तर वजनाचा, असा ढोबळ कौल देता येतो. इंग्लंडमधल्या व्हिकमच्या रहिवाशांवर २० वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टीएसएच वाढलेला आणि अँटिबॉडीही असलेल्या स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे ४.३ टक्के उघड आजारापर्यंत पोचल्या. फक्त टीएसएच वाढलेला असेल तर हे प्रमाण २.६ टक्के होतं. म्हणजे अँटिबॉडी असल्या तरी उद्या ग्रंथी बंद पडणार असं नाही, पण दरवर्षी तपासायचं हे पक्कं.

दुसरी उणीव अशी की तुमचा टीएसएच एकदाच पाहून गोळी सुरू झाली. टीएसएच दिवसभर हलतो, मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत वर आणि दुपारी खाली. आजारपणातून उठल्यावर काही आठवडे तो वाढलेला सापडू शकतो. ५, ६, ७ असे आकडे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तर त्यातले बरेच नॉर्मल निघतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो, आणि मग ज्याला काही झालेलं नाही त्याच्या माथी उलटाच आजार मारला जातो.

तपासताना मी काय पाहतो तेही सांगतो, कारण लठ्ठ माणसाच्या गळ्याकडे अनेकदा नीट पाहिलंच जात नाही. गळ्यापुढचा चरबीचा थर गलगंडासारखा भासतो. अशा वेळी पाण्याचा घोट तोंडात धरायला सांगून, मान किंचित मागे न्यायला लावून गिळायला सांगायचं. थायरॉइडची सूज गिळताना वर सरकते, चरबी जागेवरच राहते. मानेच्या मागची काळवंडलेली, मखमलीसारखी जाड त्वचा शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची खूण आहे, थायरॉइडची नव्हे. लोक ती मळ समजून घासत बसतात. घोट्याच्या मागे हातोडीने टकटक केली की पाऊल झटकन खाली जातं आणि परत येतं. हायपोथायरॉइडिझम मुरलेला असेल तर ते परत येताना रेंगाळतं. घोगरा आवाज, मंद नाडी, इतरांना उकडत असताना थंडी वाजणं, नव्याने सुरू झालेली बद्धकोष्ठता, या सगळ्या गोष्टी एकत्र दिसल्या तर मी थायरॉइडकडे वळतो. नुसता थकवा आणि नुसतं वजन यांवरून काहीच ठरत नाही.

एक तपासणी मात्र करून घेऊ नका, निदान गाठ हाताला लागत नसेल तर. गळ्याची सोनोग्राफी. लठ्ठपणात ग्रंथी अँटिबॉडी नसतानाही सोनोग्राफीत काळसर दिसू शकते, आणि लहानसहान गाठी तर धडधाकट माणसांतही भरपूर सापडतात. एकदा ‘नोड्यूल’ (गाठ) हा शब्द रिपोर्टवर आला की सुई, पुन्हा सोनोग्राफी, झोप उडालेल्या रात्री अशी रांग लागते. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोक्रायनॉलॉजीने २०२० मध्ये लठ्ठपणातल्या हार्मोन तपासण्यांवर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या माझ्या कामाच्या पद्धतीशी बऱ्याच जुळतात: प्रत्येक लठ्ठ व्यक्तीचा टीएसएच तपासा, तो वाढलेला असेल तरच फ्री टी४ आणि अँटिबॉडी पाहा, सोनोग्राफी सरसकट नको, आणि टी४ नॉर्मल असताना केवळ वजन उतरवण्यासाठी थायरॉइडचा हार्मोन देऊ नका.

हा शेवटचा मुद्दा नवा नाही. जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉइडचा अर्क देऊन मिक्सिडीमाची (तीव्र हायपोथायरॉइडिझमची) रुग्ण बरी केली आणि त्यानंतर लगेचच तो अर्क वजन उतरवायलाही विकला जाऊ लागला. १९४० ते १९६० च्या दशकांत अमेरिकेत रंगीबेरंगी गोळ्यांची पाकिटं मिळत. अॅम्फेटामिन, थायरॉइड, लघवी वाढवणारं औषध, डिजिटॅलिस हे हृदयाचं औषध, सगळं त्यात. माणसं दगावली, १९६८ मध्ये प्रकरण सिनेटच्या चौकशीपर्यंत गेलं. आज अमेरिकेत थायरॉक्सिनच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशाराच असतो की हे औषध लठ्ठपणासाठी वापरू नये.

तुमचा डोस ५० वरून १०० केला तर काय होईल? टीएसएच १ च्या खाली, कदाचित ०.१ च्याही खाली जाईल. काट्यावर दोन किलो कमी दिसतीलही, पण त्यात स्नायू गेलेले असतील, आणि ज्यांच्या जोरावर तुम्ही बसल्याजागी ऊर्जा खर्च करता ते स्नायूच. भूकही वाढेल. छातीत धडधड, झोप नाही, हात थरथरणं. वर्षानुवर्षं असं चालू राहिलं तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाची लय बिघडते, विशेषतः साठीच्या पुढे. टी३ जोडण्याबद्दल तर सरळ नाहीच म्हणेन. वजन उतरवताना शरीर स्वतःच टी३ थोडा कमी करतं, ऊर्जा वाचवायला. वजन काही काळाने अडून बसण्यामागचं हे एक कारण. पण म्हणून बाहेरून टी३ भरला तर शरीर त्याची किंमत चरबीत कमी आणि स्नायूंत जास्त वसूल करतं.

ज्यांना आजार खरोखर आहे त्यांच्याबद्दलही दोन शब्द, कारण हे वाचून कुणी आपली गोळी फेकून देऊ नये. टीएसएच १० च्या वर, किंवा फ्री टी४ कमी, किंवा गरोदरपण, किंवा गरोदर राहण्याचा विचार, यांपैकी काही असेल तर वजनाचा विषय बाजूला ठेवून उपचार करायचे. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) देण्याआधी थायरॉइड तपासायचं, कारण न तपासलेल्या हायपोथायरॉइडिझममध्ये स्टॅटिनने स्नायू दुखण्याचा धोका वाढतो. पूर्ण डोस पुस्तकात किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लिहिलेला असतो. ९४ किलोंना तो लावला तर १५० येतो आणि तो बहुधा जास्त होईल. चरबीला हार्मोन तितका लागत नाही, स्नायू आणि अवयवांना लागतो. म्हणून लठ्ठ माणसात कमी डोसपासून सुरुवात करून टीएसएच बघत वाढवणं बरं. थायरॉक्सिन शरीरात अर्धं व्हायला सुमारे आठवडा लागतो, तेव्हा डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांच्या आत तपासणी करून काही कळत नाही. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, खाण्याच्या आणि कॉफीच्या अर्धा ते एक तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. डोस वाढवत जाऊनही टीएसएच उतरत नाही असं दिसलं की मी आधी या वेळा विचारतो आणि बहुतेकदा उत्तर तिथेच मिळतं.

उलट टोकाचं एक उदाहरण आठवणीत ठेवा. लठ्ठ माणसाचं वजन अचानक भराभर उतरायला लागलं की सगळे कौतुक करतात आणि ग्रंथी जास्त काम करत असल्याची शंकाही कुणाला येत नाही. भूक वाढलेली, खाणं तेवढंच किंवा जास्त, तरी वजन घसरतंय आणि बसल्याजागी नाडी शंभरच्या वर आहे, तर टीएसएच तपासायलाच हवा.

आता तुमचा थकवा. मला वजनापेक्षा याची जास्त काळजी वाटते, कारण ‘थायरॉइडमुळे’ म्हणून त्याचा शोधच थांबला. झोपेत घोरता का, श्वास मध्येच अडकतो का, हे तुम्हाला विचारून उपयोग नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारायला हवं. सकाळी उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं, दुपारी बसल्या बसल्या डुलकी, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, असं असेल तर स्लीप अॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची, शक्यता मोठी आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३७ च्या पुढे असताना ती तशीही कमी नसते. झोपेची तपासणी करून घ्या. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (लोहाच्या साठ्याचं माप) तपासा. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बी१२, यकृताची एन्झाइम्स पाहा. पाळी अनियमित असेल तर पीसीओएसचा (बीजकोशांशी संबंधित हार्मोनच्या विकाराचा) विचार व्हावा. मन कशातच लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नैराश्यातही असाच थकवा येतो. आणि या दोन वर्षांत कोणती औषधं सुरू झाली याची यादी काढा. स्टेरॉइड, मिर्टाझापिन, व्हॅल्प्रोएट, इन्शुलिन, मनोविकारांवरची काही औषधं यांनी वाढणारं वजन थायरॉइडच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त असतं.

इंजेक्शनबद्दल. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास. तुमच्या बीएमआयला ते सुचवणं गैर नाही. कॅन्सरची भीती आली उंदरांवरच्या प्रयोगांतून. त्यांच्या थायरॉइडमधल्या सी-पेशींच्या गाठी वाढल्या. माणसात या पेशींवर त्या औषधाला पकड घ्यायला जागा फार कमी असते. युरोपच्या औषध नियंत्रक संस्थेने २०२३ मध्ये उपलब्ध पुरावे तपासले आणि औषधामुळे थायरॉइडचा कॅन्सर होतो असं त्यातून दिसत नसल्याचं म्हटलं. तरी तुम्हाला किंवा जवळच्या नात्यात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (याच सी-पेशींचा कॅन्सर) किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार असेल तर हे इंजेक्शन घ्यायचं नाही, इथे तडजोड नाही. हाशिमोटो किंवा साधा हायपोथायरॉइडिझम मात्र आड येत नाही. फक्त वजन उतरत गेलं की थायरॉक्सिनचा लागणारा डोसही उतरतो, तेव्हा टीएसएच मधूनमधून पाहत राहायला हवा. सेमाग्लुटाइड तोंडाने घेत असाल तर जास्तच, कारण त्यासोबत थायरॉक्सिनचं शोषण वाढतं.

तुमच्या पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारा: अँटी-टीपीओ करू या का, आणि ती निगेटिव्ह आली तर गोळी थांबवून ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ पाहू या का? स्वतःहून बंद करू नका, आणि मूल होण्याचा विचार असेल तर हा प्रयोग आत्ता नकोच. गोळीशिवाय टीएसएच पुन्हा ५-६ वर स्थिरावला, टी४ नॉर्मल राहिला, तर वर्षातून एकदा तपासणी एवढंच. १० च्या पुढे गेला किंवा टी४ घसरला तर गोळी परत सुरू, आणि मग ती बहुधा आयुष्यभराची.

मुलाचं म्हणाल तर आधी त्याची उंची बघा. मुलांतला हायपोथायरॉइडिझम वजनाआधी उंची अडवतो. वर्षभरात पँट आखूड झालेली नाही, वर्गातली बरोबरीची मुलं डोक्याने पुढे गेलीत, असं मूल जाड असेल तर थायरॉइड तपासलंच पाहिजे. याउलट फक्त खाण्या-हालचालीतून वजन वाढलेली मुलं या वयात बहुतेक सवंगड्यांपेक्षा उंच असतात, आणि त्यांच्यात टीएसएच ५ ते १० च्या दरम्यान सापडणं फार नेहमीचं आहे. तुमचा मुलगा उंचीत मागे नसेल, गळ्यावर सूज नसेल, फ्री टी४ नॉर्मल आणि अँटिबॉडी निगेटिव्ह असतील, तर ५.८ ला गोळी नको. बालरोगतज्ज्ञांकडून उंची-वजनाचा आलेख काढून घ्या, शाळेतल्या जुन्या नोंदी मिळाल्या तर त्याही त्यावर भरा, आणि सहा महिन्यांनी उंची पुन्हा मोजा, शक्यतो त्याच जागी, बूट काढून.